काठी रिकामी होती

“हे कापड नाही, मग याला बावटा कसं म्हणता?” मी विचारलं.

दत्ताराम भाटकर हसले. मांडीवर वेताची विणलेली, काळ्या रंगाची एक भली मोठी टोपली घेऊन ते तिला तेलाचा बोळा फिरवत होते. तशा पाच-सहा टोपल्या खोलीच्या भिंतीला टांगलेल्या होत्या, काही गोल, काही निमुळत्या. वादळाची खबर आली की यातली कुठली तरी दोरीने बाहेरच्या उंच काठीवर चढायची, आणि समुद्रावरची माणसं एकमेकांना सांगायची, बावटा लागला, मागं फिरा. नुसत्या आकारावरून त्यांना कळायचं की वारा किती दूर आहे आणि केवढा आहे.

“तुम्ही पहिल्याच हाय असं इचारणाऱ्या,” ते म्हणाले. “हापिसर येतात, दोरी वढून बघतात, रंग बघतात, जातात. शबुद कुणी इचारत नाय.”

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या कार्तिकातली. मी कुमुद बेडेकर, वय वर्षं सव्वीस, पुण्यातल्या एका कोशप्रकल्पावर नोकरीला होते. किनाऱ्यावरचे शब्द लोकांच्या तोंडून गोळा करायचे, हे माझं काम. आमचे परचुरेसर म्हणायचे, शब्द पुस्तकातून आणू नकोस, माणसाला बोलतं कर. म्हणून खांद्याला टेपरेकॉर्डर लावून मी कुडवे बंदरात येऊन राहिले होते. गावच्या मास्तरांकडे उतरले होते. होड्यांचे, जाळ्यांचे, भरती-ओहोटीचे शब्द चार दिवसांत मिळाले. बावटा तेवढा राहिला होता.

बावट्याची काठी टेकडीच्या टोकावर होती. तिच्या पायथ्याशी ही कौलारू खोली, आणि खाली वीस-बावीस पायऱ्या उतरून बंदराची कचेरी. खोलीच्या दारावर पाटी होती, परवानगीशिवाय आत येऊ नये. दत्तारामकाकांनी मला आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं. मग रात्री मास्तरांकडे निरोप आला की कारकून दोन दिवस रजेवर आहे, बाईंना सकाळी पाठवा.

आकाश कसं स्वच्छ होतं. कचेरीच्या उघड्या खिडकीतून खालचं टेबल आणि त्यावरचा काळा फोन दिसत होता; वादळाची खबर त्याच्यावरच यायची. पलीकडे खाडीच्या तोंडाशी मासेमारीचे मचवे निघायच्या तयारीत होते. त्यातल्या एकावरून एक तरणाबांड माणूस तोंडाशी हात धरून ओरडला, “काका, जाऊ ना?”

“काठी बघ की!” काका वरून ओरडले.

“रिकामी हाय!”

“मग मला काय इचारतोस?”

खाली हशा झाला. काका मला म्हणाले, “जनार्दन. रोज इचारतो. बायको बजावून पाठवते, काकाला इचारल्याशिवाय जाऊ नको म्हणून. पाणी भरायला अजून तासभर हाय, भरती झाली की जाईल.”

मी टेपची कळ दाबली. कॅसेट फिरू लागली.

सुरुवातीला ते नेहमीचंच सांगत होते. कुठला आकार कुठल्या नंबरचा, तीन नंबर लागला की छोट्या होड्यांनी बाहेर पडायचं नाही, रात्री टोपलीच्या जागी दिवे. मग मी पुन्हा मूळ प्रश्नावर आले. कापड नसताना बावटा का?

त्यांनी टोपली बाजूला ठेवली. हात पुसले.

“माजा आजा या काठीवर होता. त्येच्या वेळंला ही टोपल्यांची पद्धत नवी. तो म्हणायचा, बावटा म्हंजे कापड न्हवंच मुळी. वावटळ म्हंजे काय?”

“वारा. गोल फिरणारा.”

“वावडी?”

“पतंग.”

“वावझड?”

“वाऱ्यानं घरात येणारा पाऊस.”

“मग वाव म्हंजे काय झालं?”

मी म्हटलं, “वारा.”

“वारा. आन् वाट म्हंजे वाट. आजा म्हणायचा, वावाची वाट दाखवतो तो वाववाटा. म्हणता म्हणता बावटा झाला. कापड आसूदे, टोपली आसूदे, नायतर नुसता हात आसूदे.”

कोशाच्या कामात वर्षानुवर्षं खपून असा एखादा क्षण मिळतो. परचुरेसर ही व्युत्पत्ती मान्य करणार नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं. कानडीत बावुट आहे, कुणी कुणाकडून घेतला ते ठरत नाही, असं ते म्हणाले असते. पण हे पुस्तकात कुठेच नव्हतं. एका बावटेवाल्याच्या घरात तीन पिढ्या जपलेलं होतं, आणि ते मला मिळत होतं.

तेवढ्यात खाली फोन वाजला.

काका अर्धवट उठले. “वरच्या हापिसाचा आसंल.”

“दोन मिनिटं, काका,” मी म्हटलं. “टेप फिरतेय. आजोबांचं एवढं पुरं करा ना. ते हात म्हणालात, नुसता हात, ते काय?”

ते तसेच, गुडघ्यावर हात टेकून, क्षणभर थांबले. फोन वाजत होता. मग ते खाली बसले.

“पुन्ना करतील,” ते म्हणाले.

फोन आणखी थोडा वेळ वाजला आणि थांबला.

मग ते जे बोलायला लागले ते मी कधी विसरले नाही. काठी नव्हती तेव्हा या टेकडीवर माणूस उभा राहायचा. त्यांच्या आज्याची आई एका वादळात सकाळपासून इथे उभी राहून लुगडं हलवत होती. खालून होड्या परत येत होत्या, एकेक येईल तशी ती मोजत होती. शेवटची आली तेव्हा तिचा हात खांद्यातून खाली येईना. काका स्वतः उभे राहून मला दाखवू लागले, हात कसा राहिला होता. साठीच्या जवळ आलेला माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता. मी एक कॅसेट संपवून दुसरी घातली.

मध्ये खालून इंजिनाचा आवाज आला. जनार्दनचा मचवा खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होता. त्याने मान वर करून काठीकडे पाहिलं. काठी रिकामी होती. खोलीच्या दारात मी उभी होते, मला पाहून त्याने हात हलवला. मीही हलवला.

फोन दुसऱ्यांदा वाजला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने. या वेळी काका न विचारता उठले आणि पायऱ्या उतरून गेले. परत आले ते धावत. भिंतीवरची टोपली काढली, दोरीला बांधली, ओढू लागले. मी मदतीला हात लावला तर म्हणाले, “तुम्ही खाली जावा. आत्ताच्या आत्ता खाली जावा.”

टोपली वर चढली तेव्हा खाडीच्या तोंडाबाहेर मचवा दिसत नव्हता. टेकडीच्या आडून वळून गेला होता. जवळपासचे दोन मचवे तेवढे टोपली बघून फिरले.

दुपारी तीनपर्यंत ऊन होतं. मला वाटत होतं, खबर खोटी निघेल. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळोख आला आणि वारा सुटला. मास्तरांच्या घरावरची कौलं उडाली. संध्याकाळी थोडं निवळल्यावर सगळा गाव खाली पुळणीच्या वाळूत जमला. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती, कुणी मागे ओढलं तरी येत नव्हती. ती जनार्दनची बायको, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती; नाव चंद्रभागा, ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मचव्यावरच्या चौघांपैकी तिघे जिवंत सापडले, फळीला धरून तरंगणारे. जनार्दन सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. एसटीच्या थांब्यावर दत्तारामकाका आले. दोन दिवसांत ते वाकल्यासारखे दिसत होते.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “चौकशी लागलीया. तुमी वर व्हतात ते कुणाला सांगू नका. परका माणूस वर घेतला म्हंजे आनखी एक गुन्हा. आन् तुमाला कशाला त्यात.”

“पण तुम्ही काय सांगणार?”

“सांगीन काय तरी.”

गाडी आली. मी चढले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं.

महिन्याभराने मास्तरांचं कार्ड आलं. हवापाण्याच्या दोन ओळी, आणि खाली लिहिलं होतं, भाटकरांना कामावरून काढलं, पेन्शनही गेली. आपला डोळा लागला होता, फोन ऐकू आला नाही, असं त्यांनी लिहून दिलं. गावात नाव पडलं आहे, झोप्या बावटेवाला.

मी ते कार्ड आणि ती कॅसेट घेऊन परचुरेसरांकडे गेले. सरांनी कॅसेट ऐकायला घेतली. फोनची घंटा आली, माझा आवाज आला, दोन मिनिटं, काका. सरांनी कळ बंद केली.

“चौकशीत तुझं नाव आलंय?”

“नाही.”

“त्यांनीच सांगू नको म्हटलंय ना?”

“हो.”

“मग तू काय करणार आहेस?”

त्यांनी मला हे कर किंवा ते करू नकोस, असं काहीच सांगितलं नाही. मी परत आले. आठ दिवस रोज एक पत्र लिहायला बसले, चौकशी अधिकाऱ्याला. ‘महोदय’ या शब्दापुढे गेले नाही. मग मनाची समजूत घातली की मी त्यांना शब्द दिला आहे. नव्हता दिला. त्यांनी सांगितलं आणि मी गाडीत चढले, एवढंच झालं होतं.

कोशाचं काम गोगलगायीच्या गतीने चालतं. ‘ब’चा खंड निघायला एकोणीस वर्षं गेली. तोवर सर गेले होते, माझे केस पांढरे झाले होते. ‘बावटा’ या नोंदीत शेवटी एक ओळ होती, लोकव्युत्पत्ती : वाव (वारा) + वाट, कुडवे बंदर. ती ओळ छापून आलेली पाहिली आणि मला बसवेना. खंडाची एक प्रत पिशवीत घालून मी कुडव्याची गाडी धरली.

दत्तारामकाका हयात होते. पुळणीच्या वर एका खोलीत एकटेच राहत होते. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. डोळ्यांत पाणी उतरलेलं, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

“टेपवाल्या बाई,” ते म्हणाले. “बसा.”

मी नोंद वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग पानावरून बोट फिरवलं, जणू अक्षरं हाताला लागणार होती.

“माजं नाव?”

“नावं नाही देत, काका. गाव देतात.”

“बरं झालं,” ते म्हणाले.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. सगळं, पत्राच्या त्या एका शब्दापर्यंत. चूक माझी होती, मी तुम्हाला बसवून ठेवलं, आणि मग तोंड मिटून राहिले. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले,

“तुमी बसवलंत म्हणून मी बसलो नाय, बाई. सायेबानं बस म्हटलं आसतं तरी फोनला मी उठलोच आसतो. मला सांगायचं व्हतं. चाळीस वर्सं त्या काठीखाली काढली, कुणी कदी इचारलं न्हवतं. ऐकणारं माणूस समोर बसलं आन् वाटलं, वाजूदे मेला. पुन्ना वाजेल.”

“मग झोप लागली असं का लिहून दिलंत?”

“दुसरं काय सांगू? गप्पा मारत व्हतो म्हणून पोर बुडालं, आसं?”

बाहेर कुणीतरी जाळं झोडपत होतं.

“जनार्दनच्या घरी कोण आहे?” मी विचारलं.

“चंद्रा हाय. हितं वळणावरच राहते.” त्यांनी हाताने वळणाची दिशा दाखवली. “बायको गेल्यापास्नं दोन्ही टायमाचं जेवण तिच्याकडनंच येतं.”

मला आधी कळलंच नाही. “तुम्हाला? ती पाठवते?”

“स्वता घिऊन येते. बसते घटकाभर. बोलते. सुरवातीला मी खात न्हवतो. ती म्हणाली, काका, झोपंला काय इलाज, खावा.” त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. “तुमी तिच्याकडं जाऊ नका, बाई.”

“पण तिला खरं कळायला नको?”

“कशाला?”

मी म्हटलं, बरं. त्यांच्या पाया पडले. पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं आणि निघाले. गाडीला अजून अर्धा तास होता.

वाट तिच्या दारावरूनच जात होती. मी तशीच पुढे जाऊ शकले असते. दार उघडं होतं, चुलीजवळ पाठमोरी बसून एक बाई पितळीत भात वाढत होती. वर माशाचं कालवण घातलं, कडेला कोकमाची आमटी वाटीत ठेवली, दुसरी पितळी झाकण म्हणून उपडी घातली. इतक्या नेटकेपणाने, की मला राहवलं नाही. एकोणीस वर्षं हे घशाशी होतं. काकांशी बोलून ते निम्मंच उतरलं होतं.

“मी पुण्याहून आलेय,” मी दारातून म्हटलं. “काकांकडे आले होते. तुमच्याशी बोलायचं होतं.”

तिने मला आत घेतलं, पाट दिला. मी सांगत गेले. ती हातातला पदर चुरगळत होती. मी सांगितलं की ती चूक काकांची नव्हती, माझी होती, हे तुम्हाला कळायलाच हवं म्हणून मी आले. संपल्यावर मला खरोखर हलकं वाटलं. रडूही आलं.

तिने माझं रडणं संपू दिलं.

“म्हणजे त्यांचा डोळा लागला नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“जागे होते.”

“जागे होते, पण मी त्यांना—”

“फोन ऐकला त्यांनी?”

आता मागे फिरायला वाट नव्हती. “ऐकला,” मी म्हटलं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“माझी सासू मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होती,” ती शांतपणे म्हणाली. “मी तिला सांगायची, आई, म्हातारा माणूस, डोळा लागला. झोप काय कुणाच्या हातातली गोष्ट आहे? त्यावर दिवस काढले मी, ताई. रोज स्वतःला तेच सांगितलं. तसं सांगितलं नसतं तर या गावात, त्या काठीखाली मला राहताच आलं नसतं.”

“राग माझ्यावर धरा,” मी म्हटलं. “त्यांच्यावर नको.”

“तुमच्यावर धरून काय करू? तुम्ही आता गाडीत बसाल.”

ती उठली. झाकलेली पितळी उचलली. मला वाटलं, निघाली. तिने वरची पितळी काढली, कालवण पातेल्यात परत ओतलं, भात डावाने काढून टोपात घातला, आमटीची वाटी शिंकाळ्यावर ठेवली. मग रिकामी पितळी घेऊन मोरीत गेली आणि घासू लागली.

“तुमची गाडी येईल,” ती आतून म्हणाली.

मी बाहेर आले. थांब्यावर जायला उतार होता, आणि तिथून काकांची खोली सरळ दिसत होती. ते दाराबाहेर पायरीवर येऊन बसले होते. हातपाय धुऊन, तांब्या शेजारी ठेवून, वाटेकडे तोंड करून. दुपारचा एक वाजून गेला होता.

मला परत जाऊन त्यांना सांगायला हवं होतं. गाडीचा भोंगा वाजला आणि मी गाडीत चढले.